सिमेंटच्या अंगणावरचे डाग

पावसाळा सरून कडक ऊन पडू लागले की आमच्या चाळीत दरवर्षी एकच वाक्य ऐकू येते. "अंगण किती काळे पडले आहे! एकदा अॅसिड मारून घेऊ या." बोलणारा बदलतो, वाक्य बदलत नाही. काही वर्षांपूर्वी हे वाक्य सर्वांत मोठ्याने आम्हीच बोलत होतो. त्या वाक्याची किंमत कोणी आणि कशी मोजली, ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावे, आणि त्यानंतर आम्ही जे शिकलो तेही सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची चाळ कल्याणच्या पुढे रेल्वेलाइनला लागून आहे. समोरासमोर दोन रांगा, चाळीस खोल्या आणि मधोमध लांबलचक अंगण. १९९६ सालापर्यंत तिथे माती होती. जून लागला की घोट्याएवढा चिखल. शाळेत जाताना मुलांनी चपला हातात घ्यायच्या आणि रस्त्यावर गेल्यावर पाय धुऊन घालायच्या, अशी रीत होती. त्या वर्षी उन्हाळ्यात खोलीमागे आठशे रुपये वर्गणी ठरली, तीही चार हप्त्यांत. मजुरीला पैसे उरले नाहीत, म्हणून घमेली आपणच उचलायची असे ठरले. आमचे वडील कारखान्यातील रात्रपाळी करून येत आणि चहा घेऊन थेट कामाला लागत. आम्ही तेव्हा बारावीत होतो. बायामाणसांनी नळावरून पाणी वाहिले. शेजारच्या आजी, तेव्हा त्या काही आजी नव्हत्या, डोक्यावर हंडा घेऊन सर्वांच्या पुढे असत.

काँक्रीट ओतून झाल्यावर वडिलांनी त्यावर गोणपाट पसरले आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला लावले. आम्हाला तो जाच वाटे. पुढे कळले की भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ४५६ हे मानकही साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओले ठेवायला सांगते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. लवकर सुकलेले काँक्रीट वरून भुसभुशीत राहते आणि पडेल तो डाग पिऊन टाकते. वडिलांनी कोणते पुस्तक वाचले नव्हते, पण बांधकामावर पाणी मारण्याचे काम त्यांनी लहानपणी केले होते.

त्या अंगणाने आमच्या चाळीचे सर्व पाहिले. लग्नाच्या पंगती, मयताच्या बैठका, पोरांचे क्रिकेट, बायकांचे पापड, १४ एप्रिलचा मंडप. वापरातल्या जागेवर डाग पडायचेच. रिक्षा उभ्या राहत तिथे तेलाचे काळे गोल. पाण्याच्या पिंपांखाली गंजाची तांबडी वर्तुळे. जांभळाच्या झाडाखाली जांभळे शिंतोडे. कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, कारण २०१२ साली राज्यात गुटखाबंदी झाली तरी तोंडे काही बंद झाली नाहीत. आणि भिंतीच्या सावलीत शेवाळ.

२०१८ साली आम्ही चाळीच्या मंडळाचे सचिव होतो. जयंती चार दिवसांवर आलेली. पाहुणे येणार, अंगण असे कसे दाखवायचे? आम्ही दुकानातून अॅसिडच्या वीस बाटल्या आणल्या आणि नाक्यावरून एक मजूर बोलावला. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. पायात रबरी चप्पल, हात उघडे, तोंडाला रुमाल. तो बाटली उपडी करी आणि अंगणावर फसफसून पांढरा फेस उठे. आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो. एकमेकांना म्हणत होतो, "बघा, बघा, कसा मळ निघतो आहे!"

मुलगा खोकत होता. दुपारी त्याने पाय नळाखाली धरले तेव्हा बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलवटलेली दिसली. आम्ही विचारले, तर तो म्हणाला, "होतं असं, साहेब." आम्ही त्याला चहा पाजला, सहाशे रुपये दिले आणि वहीत नोंद केली : अंगण सफाई, मजुरी, रुपये ६००. कारकुनाची सवय, हिशेब चोख. बी.कॉम. झालेल्या माणसाला जमा-खर्चाची दोन्ही अंगे जुळली की समाधान वाटते. त्या मुलाचे पाय कोणत्या खात्यावर टाकायचे, हा प्रश्न त्या दिवशी आमच्या मनाला शिवला नाही.

जयंतीला अंगण लख्ख होते. मे महिन्यात झाडताना रोज थोडी रेती निघू लागली. पावसात वरचा गुळगुळीत थर गेला आणि खडी दिसू लागली. पाणी ठिकठिकाणी साचले आणि जिथे कधी शेवाळ येत नसे तिथेही हिरवा थर बसला. पुढच्या वर्षी, २०१९ च्या जुलैमध्ये, सकाळी पाणी भरताना शेजारच्या आजी त्या शेवाळावरून घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण तेव्हापासून त्या वॉकरशिवाय चालू शकल्या नाहीत. ज्या अंगणासाठी त्यांनी हंडे वाहिले, त्याच अंगणाने त्यांना खाली पाडले, असे लोक म्हणत. आम्हाला मात्र त्या वीस बाटल्या आठवत.

आमच्या कचेरीत बांधकामाचे एक जुने ओव्हरसियर होते. आम्ही त्यांना अंगण दाखवायला आणले. त्यांनी खिशातून किल्ली काढून जमीन खरवडली. रेती भुरभुर निघाली. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही मळ नाही काढला, सिमेंट काढलंत."

मग त्यांनी आम्हाला जे समजावले ते असे. सिमेंट हा चुन्याच्या जातीचा पदार्थ. बाटलीतले अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल चुन्यावर पडले की ते चुना विरघळवते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. आपल्याला दिसतो तो फेस त्या वायूचा. म्हणजे फेस मळाचा नव्हे, अंगणाचा! विरघळलेले सिमेंट पाण्याबरोबर गटारात जाते, त्यासोबत वरचा मळही जातो, म्हणून जागा गोरी दिसते. एखाद्याच्या अंगावरची कातडी सोलून "बघा, कसा स्वच्छ झाला" म्हणावे, तसा हा प्रकार. खाली सळई असेल, जशी गच्चीत किंवा ओट्याच्या लादीत असते, तर अॅसिडमधले क्लोराइड आत झिरपून सळईला गंज आणते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट फुगते, तडकते आणि त्याचे पापुद्रे पडतात.

त्या दिवसापासून आमच्या चाळीत अॅसिड बंद झाले. पण डाग तर होतेच. ते कसे काढायचे हे आम्ही थोडे विचारून, थोडे चुकत शिकलो. सार एवढेच की आधी डाग कशाचा आहे ते ओळखावे. तापावरचे औषध मोडलेल्या हाताला चालत नाही, तसेच हे आहे. कोणताही उपाय आधी कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर करून पाहावा. आणि तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे तुटलेले तुकडे फटींत अडकून गंजतात आणि नवेच डाग पाडतात. ताठ प्लॅस्टिकचा ब्रश किंवा खराटा पुरे.

शेवाळ : हा डाग जिवंत आहे. ओल आणि सावली हे त्याचे अन्न-पाणी. आधी सुके असताना खरवडून झाडून घ्यावे. मग दहा लिटर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बादलीत सुमारे शंभर ग्रॅम ब्लिचिंग पावडर ढवळावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी जागेवर ओतावे. गाळासकट ओतले तर चुन्याचा पांढरा थर बसतो. पंधरा-वीस मिनिटे जागा ओली ठेवून घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. परंतु पाणी साचत राहिले तर शेवाळ परत येणारच. आम्ही दोन वर्षे नुसते घासत बसलो. नंतर खड्डे बुजवले आणि गटाराकडे मीटरमागे एक ते दीड सेंटिमीटर उतार काढून घेतला, तेव्हा कुठे निम्मे काम कमी झाले.

तेल आणि ग्रीस : ताजे तेल पुसू नये, पुसल्याने ते पसरते. त्यावर राख, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकावी, तिला तेल पिऊ द्यावे आणि झाडून घ्यावे. मुरलेल्या डागावर धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून घासावे. तरीही राहिला तर मुलतानी माती, साबणाची पूड आणि गरम पाणी यांचा लेप बोटभर जाडीने लावावा, प्लॅस्टिकच्या कागदाने एक दिवस झाकावा, मग कागद काढून वाळू द्यावा. लेप वाळताना आतले तेल वर ओढून घेतो, जशी वात तेल ओढते. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते. आमच्या रिक्षावाल्या बंधूंनी आता गाडीखाली जुना पत्र्याचा ट्रे ठेवला आहे, तो सर्वांत स्वस्त उपाय.

गंज : यावर ब्लिचिंगचा उपयोग नाही, उलट गंज पक्का होतो. किराणा दुकानात सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्व, मिळते. ते दोन चमचे पेलाभर पाण्यात विरघळवून फक्त डागावर लावावे, दहा मिनिटांत घासून धुवावे. हेही आम्लच आहे, पण सौम्य. जास्त वेळ ठेवले तर सिमेंटला थोडे खातेच, म्हणून घड्याळ पाहून काम करावे. पिंपाखाली विटा ठेवाव्यात, जाळीला रेड ऑक्साइड लावून वर रंग द्यावा, नाहीतर वर्तुळ पुन्हा उमटते.

गुटखा, पान, जांभूळ : पानातल्या काताचा आणि जांभळाचा रंग वनस्पतीचा. ताजा असताना साबणाच्या गरम पाण्याने बराच जातो. सुकला तर शेवाळाचाच ब्लिचिंगचा उपाय. गुटख्याच्या बाबतीत आमच्या महिला मंडळाने वेगळे औषध काढले. ज्याची पिचकारी, त्याच्या हातात ब्रश. तीन तरुणांनी भर अंगणात, आईसमोर, स्वतःच्या पिचकाऱ्या घासल्या. कोपरे त्यानंतर बरेच सुधारले.

पांढरा खार, ज्याला आपण लोणा म्हणतो : जमिनीतली ओल वर येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. यावर पाणी ओतले तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. म्हणून कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावेत आणि ओल कुठून येते, गळका नळ की फुटके गटार, ते शोधावे.

मेण आणि नीळ : हे आमच्या सणांचे डाग. मेणबत्तीचे मेण गार असताना लाकडी पट्टीने खरवडावे, उरलेल्यावर जुना वर्तमानपत्राचा कागद ठेवून गरम इस्त्री फिरवावी. कागद मेण पितो. वरून नुसते उकळते पाणी ओतले तर मेण पातळ होऊन आणखी आत जाते. मिरवणुकीतली निळी पूड सुकी असतानाच झाडून घ्यावी. घाईने पाणी मारले की ती छिद्रांत बसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ब्लिचिंग पावडर आणि कोणतेही आम्ल, मग ते बाटलीतले असो, लिंबूसत्व असो की व्हिनेगर असो, कधीही एकत्र करू नये. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर हाच वायू सैनिकांवर सोडला होता. आपल्या घरांत मात्र "दोन औषधे घातली की दुप्पट स्वच्छ" या समजुतीने लोक तो बंद मोरीत स्वतःच तयार करतात. म्हणून एका जागेवर एका दिवशी एकच पदार्थ वापरावा, जागा पूर्ण धुवावी आणि दुसरा लागलाच तर दुसऱ्या दिवशी. ज्या कोपऱ्यात लघवीचा वास येतो तिथेही ब्लिचिंग टाकण्याआधी भरपूर पाणी मारावे, कारण लघवीतला अमोनिया ब्लिचिंगशी मिळून त्रासदायक वायू करतो. हातात रबरी मोजे, पायात बूट, डोळ्यांना चष्मा, आणि मुले लांब.

अॅसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निर्बंध घातले. विकणाऱ्याने खरेदीदाराची नोंद ठेवावी, ओळखपत्र पाहावे, अठरा वर्षांखालील कोणाला विकू नये, असा तो आदेश. आम्ही वीस बाटल्या घेतल्या तेव्हा आम्हाला कोणी नाव विचारले नाही आणि आम्हीही तो आदेश वाचलेला नव्हता. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. पण पिशवी आमच्या हातात होती.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाळीचे लोक स्वतः अंगण धुतात. घरटी एक माणूस, सकाळी सात ते नऊ. पहिल्या रविवारी सात पुरुष आले आणि बावीस बाया. आमच्या मुलांची आई सर्वांदेखत म्हणाली, "खुर्च्या आणू का बसायला?" त्या दिवसापासून पुरुषांची संख्या वाढली. आम्ही स्वतः पहिल्यांदा ब्रश हातात घेऊन उकिडवे बसलो तेव्हा अर्ध्या तासात कंबर धरली, डोळ्यांत ब्लिचिंगचा वास चुरचुरला. मग त्या मुलाने सहा तास उघड्या पायांनी काय सोसले असेल ते थोडेसे कळले. आपल्या वाडवडिलांकडून पिढ्यान्पिढ्या अशीच कामे करून घेतली गेली आणि करून घेणारे लांब उभे राहिले. ते आम्ही भाषणांत सांगत होतो. २०१८ च्या त्या दिवशी लांब उभे राहणारे आम्ही होतो.

त्या मुलाला शोधायला आम्ही नाक्यावर तीन-चार वेळा गेलो. नाव विचारून ठेवले नव्हते. वहीत फक्त "मजुरी" असे लिहिलेले. नाक्यावरची माणसे म्हणाली, असे कितीतरी येतात, जातात. ती वही आमच्या कपाटात आहे. पुढे मंडळाने नियम केला की बाहेरून कोणाला कामाला बोलावले तर त्याचे नाव लिहायचे, मोजे आणि बूट आपण द्यायचे, आणि जे काम आपण आपल्या हाताने करणार नाही ते दुसऱ्याला सांगायचे नाही.

वाचक बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे. यंदा आपल्या चाळीत, वस्तीत किंवा सोसायटीत कोणी "अॅसिड मारून घेऊ या" म्हणाले, तर त्याला आधी विचारा : डाग कशाचा आहे? ओतणार कोण? आणि त्याच्या पायात काय आहे? हे तीन प्रश्न विचारल्यावर आमच्याकडे तरी बाटली आली नाही.

आमचे अंगण आता नवे दिसत नाही. अॅसिडने गेलेला थर परत आला नाही. जिथे फार उखडले होते तिथे मागच्या वर्षी सिमेंटचा नवा हात दिला आणि वडिलांच्या पद्धतीने गोणपाट टाकून आठ दिवस पाणी मारले. रविवारी आम्ही घासत असलो की आजी दारात खुर्चीवर बसून वॉकरच्या दांड्याने दाखवत असतात, "तितं बग, तितं अजून हिरवं हाय." आम्ही पुन्हा बादली उचलतो.